हळदीचा हंगाम आणि दुकानातली माणसे

हिंगोली जिल्ह्यात, विशेषतः वसमत आणि हिंगोलीच्या बाजारपेठेत, चैत्र-वैशाखात हळदीच्या कट्ट्यांच्या थप्प्या छताला भिडू लागतात, तेव्हा आडत्याचा आणि लहान कारखानदाराचा जीव भावाइतकाच माणसांच्या काळजीने टांगणीला लागतो. माल शेतकरी दारात आणून टाकतो, भांडवल बँकेतून उभे राहते. परंतु वजनाची नोंद बिनचूक करणारा, दाभण-सुतळीने कट्ट्याचे तोंड झरझर शिवणारा आणि गिऱ्हाइकास न दुखावता उधारीचा तगादा लावणारा माणूस ऐन वेळी पैसे मोजूनही मिळत नाही.

या टंचाईचे मूळ इथल्या ऋतुचक्रात आहे. दसरा-दिवाळी आटोपताच मुकादमाकडून उचल घेतलेल्या ऊसतोड टोळ्या कारखान्यांच्या वाटेला लागतात. त्या परतण्यापूर्वीच हळदीची काढणी सुरू होते, आणि मग शिजवणी, वाळवणी, पॉलिश, लग्नसराई व मृगाची पेरणी अशी कामे एकामागून एक अंगावर येतात. शिकलेली मुले पुणे-हैदराबादकडे वळतात, आणि तिथल्या पगाराशी तालुक्याच्या पेठेतील दुकानाने स्पर्धा करू म्हटले तरी ते त्याच्या ऐपतीबाहेरचे आहे.

तथापि ही ओढाताण बारमाही नसून मुख्यतः तीन महिन्यांची आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे मार्ग दिसू लागतो. समजा, एखादा आडत्या पगारापोटी दरमहा ६०,००० रुपये खर्चू शकतो आणि १५,००० रुपयांवर चार माणसे ठेवतो. त्याऐवजी त्याने तीनच भरवशाची माणसे १७,००० रुपयांवर ठेवली, तर महिन्याला ९,००० व वर्षाकाठी १,०८,००० रुपये शिल्लक पडतात. ही रक्कम हंगामाच्या तीन महिन्यांसाठी राखून ठेवल्यास ६०० रुपये रोजाने दररोज दोन जादा माणसे लावता येतात. खर्चात एक पैचीही वाढ न होता कायमची माणसे अधिक संतुष्ट राहतात आणि गर्दीच्या दिवसांत चारांऐवजी पाच जोड हात कामाला लागतात.

या मुलुखातील शेतकरी सालगडी ठेवताना पाडव्यालाच साल, धान्य व कपडालत्ता यांचा करार ठरवून मोकळा होतो; दुकानदाराने हंगामी माणसाशी हाच खुलासा माघातच करावा, रोज, वेळ आणि सुट्टी आधी ठरवावी आणि पगाराची तारीख कधी चुकवू नये. मात्र उचलीच्या कर्जाने माणूस जखडून ठेवण्याची रीत मला सर्वस्वी अमान्य आहे. १९७६च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने अशा बंधनाला मूठमाती दिली आहे, आणि कर्जाने बांधलेल्या माणसाकडून मन लावून काम होईल ही अपेक्षाही व्यर्थ होय.

याहून मोठा धोका सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. कोणत्या शेतकऱ्याने किती आगाऊ रक्कम नेली, कोणता व्यापारी मुदत पाळतो आणि पॉलिशच्या ड्रमचा पट्टा कोण नीट बसवतो, ही सारी माहिती जेव्हा एकट्या मुनीमाच्या डोक्यात असते, तेव्हा तो आठ दिवस अंथरुणाला खिळला की पेढीचे दफ्तर ठप्प होते. म्हणून मुनीमाची साप्ताहिक सुट्टी सक्तीची करून त्या दिवशी खातेवही धाकट्या कारकुनाच्या हाती द्यावी. जी कामे दुकानाला पूर्ण वेळ पुरत नाहीत, त्यांसाठी शेजाऱ्याशी सावड करावी. हळद शिजवण्याचा बॉयलर भाड्याने शेतोशेती फिरतो, तसा एक हिशेबनीस तीन दुकानांत वार वाटून काम करू शकतो.

राहिला प्रश्न नवीन माणूस घडवण्याचा. १९६१च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्यान्वये ३० किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेस उमेदवार घेणे बंधनकारक असले, तरी ४ ते २९ माणसांच्या आस्थापनेसही ते ऐच्छिक आहे. आणि २०१६ साली सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, दरमहा १,५०० रुपयांच्या मर्यादेत, सरकार सोसते. लहान कारखानदाराने जवळच्या आयटीआयमध्ये जाऊन चौकशी करावी, आणि मिळालेल्या मुलास चहा आणायला न पिटाळता पहिल्याच महिन्यात काटा, मोटार आणि वही या तिन्हींवर हात बसवू द्यावा.