वारा तळतो की भाजतो?

एअर फ्रायर हे यंत्र आता शहरांतल्या पुष्कळ स्वयंपाकघरांत दिसू लागले आहे. त्याच्या जाहिरातीत ‘तेलाविना तळण’ अशा अर्थाचे शब्द हमखास असतात. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने अशा शब्दांपाशी थोडे थबकावे. तळणे म्हणजे पदार्थ तापलेल्या तेलात बुडवून शिजवणे. तेलच नसेल तर ते तळणे कसले? आणि ते तळणे नसेल, तर त्या यंत्रातून निघालेला पदार्थ बाहेरून तांबूस आणि खुसखुशीत कसा होतो? याचा उलगडा करण्यासाठी आपण एक सोपा पदार्थ हाती घेऊ: डोनटचे घास, म्हणजे लहान लिंबाएवढे गोड गोळे. ते करता करता उष्णतेच्या धड्यातला बराच भाग आपोआप उजळून निघतो.

डोनट हा मूळचा अमेरिकेचा नव्हे. डच वसाहतवाल्यांनी आपले ‘तेलातले केक’ तिकडे नेले, आणि त्यांतून डोनट पुढे आला असे मानतात. त्याच्या मधल्या भोकाची कथा मोठी गमतीची आहे. मेन प्रांतातला हॅन्सन ग्रेगरी हा खलाशी म्हातारपणी सांगत असे, की १८४७ साली जहाजावर असताना आपण पत्र्याच्या मिरपूड-डबीच्या झाकणाने केकचा मधला भाग कापून काढला, कारण तो नेहमी कच्चा राही. कथा खरी असो वा नसो, कारण मात्र पक्के आहे. आपल्या मेदूवड्याला भोक असते तेही याचसाठी. पिठाचा गोळा उष्णतेचा फार मंद वाहक आहे. जाडी दुप्पट झाली की उष्णता मध्यापर्यंत पोहोचायला दुप्पट नव्हे, तर अंदाजे चौपट वेळ लागतो. तोवर बाहेरची बाजू करपते. यावर उपाय दोनच: मध्य काढून टाकायचा, नाहीतर गोळाच लहान करायचा. आपण दुसरा उपाय निवडला आहे.

आता मुख्य मुद्दा. १८० अंश सेल्सिअस तापलेले तेल आणि १८० अंश तापलेली हवा यांचे तापमान एकच. पण दोघांची करणी किती वेगळी! बेकरीतला कारागीर दार उघडून भट्टीच्या हवेत क्षणभर हात घालतो आणि पाव बाहेर काढतो. तेवढ्याच तापलेल्या तेलाचा एक थेंब उडाला तरी फोड येतो. (हा प्रयोग कुणीही करून पाहायचा नाही, कारागिराच्या अनुभवावर विश्वास ठेवावा.) तापमान आणि उष्णता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्ही वर्गात दरवर्षी सांगतो आणि विद्यार्थी दरवर्षी विसरतात. एक घनसेंटिमीटर तेल एक अंशाने थंड झाले की सुमारे १.८ ज्यूल उष्णता देते. तितकीच तापलेली हवा देते जेमतेम ०.०००८ ज्यूल. म्हणजे आकारमानाला आकारमान घेतले, तर तेल हवेपेक्षा दोन हजारपटींहून अधिक श्रीमंत आहे. शिवाय तेलाची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे चौपट.

मग या दरिद्री हवेकडून काम करून घ्यायचे कसे? ती सतत बदलत ठेवून. शांत हवेत ठेवलेल्या गोळ्याभोवती हवेचा एक पातळ थर चिकटून बसतो. तो थंड होतो, आणि पांघरुणासारखा गोळ्याला बाहेरच्या उष्णतेपासून वाचवतो. भौतिकशास्त्रात याला सीमास्तर म्हणतात. जोराचा वारा हे पांघरूण झिजवून पातळ करतो. गरम चहावर फुंकर घातली की तो लवकर निवतो, त्यातही हेच घडते. फक्त उष्णतेची दिशा उलटी. एअर फ्रायरमध्ये वरच्या बाजूला तारेचे तापणारे वेटोळे असते आणि त्याच्यावर वेगाने फिरणारा पंखा. खाली जाळीची टोपली. कोंडलेली तीच ती हवा पंखा पुनःपुन्हा वेटोळ्यावरून गोळ्यांवर फेकत राहतो. अभिसरणाचे उदाहरण द्या म्हटले, की उत्तरपत्रिकेत शेगडीवरचे पाणी आणि समुद्रावरचे वारे यांखेरीज काही येत नाही. यंदा हे लिहून पाहा. मात्र ‘सक्तीचे अभिसरण’ असे लिहावे, कारण येथे हवा आपणहून वर-खाली जात नाही, पंखा तिला ढकलतो.

आकडे घालून पाहू. पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला, तापमानाच्या दर अंश फरकामागे, पंख्याची हवा ढोबळमानाने ५० वॉट उष्णता पोचवते असे धरा. शांत हवेला हा आकडा ५ ते १० असतो. उकळत्या बुडबुड्यांनी ढवळलेल्या तेलाला काही शेकडा असतो. आपण ३०० धरू. आपला गोळा २५ ग्रॅमचा, व्यास सुमारे साडेतीन सेंटिमीटर, म्हणजे पृष्ठफळ ०.००३८ चौरस मीटर. ओल्या पृष्ठभागाचे तापमान पाण्यामुळे १०० अंशांच्या आसपास अडकून राहते, म्हणून फरक ८० अंशांचा. गुणाकार करा. वाऱ्याकडून गोळ्याला मिळतात सुमारे १५ वॉट, तर तेलाकडून ९० वॉट.

गोळ्याची गरज किती? २५ ग्रॅम पीठ ३० अंशांपासून ९५ अंशांपर्यंत तापवायचे. अशा ओल्या पिठाची विशिष्ट उष्णता दर ग्रॅमला, दर अंशाला सुमारे २.८ ज्यूल धरली तर साडेचार हजार ज्यूल झाले. शिवाय अडीच ग्रॅम पाणी वाफ होऊन जाते असे समजू. एक ग्रॅम पाण्याच्या वाफेला २२६० ज्यूल लागतात, म्हणजे आणखी साडेपाच हजारांहून थोडे अधिक. एकूण दहा हजार ज्यूल. त्याला १५ वॉटने भागले, तर ६७० सेकंद, म्हणजे अकरा मिनिटे. ९० वॉटने भागले, तर दोन मिनिटांच्या आत. प्रत्यक्ष स्वयंपाकघरातही असे गोळे एअर फ्रायरमध्ये आठ ते दहा मिनिटांत आणि तेलात दोन-तीन मिनिटांत होतात. इतक्या ढोबळ हिशेबाने उत्तर एवढे जवळ यावे, याचा आनंद ज्याला होत नाही त्याने हा परिच्छेद पुन्हा वाचावा. हवेच्या बाबतीत आपले उत्तर थोडे जास्त आले, कारण लालबुंद वेटोळ्याकडून प्रारणाने येणारी उष्णता आपण धरलीच नाही, आणि सुरुवातीला गोळा थंड असल्याने फरक ८० अंशांहून मोठा असतो. तेलाच्या बाबतीत कमी आले, कारण तेथे उष्णता दारापर्यंत झटपट येते. पण पिठातून आत सरकायला तिला वेळ लागतो.

रंगाचे रहस्यही वरच्या हिशेबात दडले आहे. पृष्ठभाग ओला आहे तोवर तो शंभराच्या फार वर जात नाही. कितीही उष्णता द्या, ती वाफ करण्यात खर्च होते. वरचा पातळ थर सुकला, की त्याचे तापमान एकदम चढू लागते. १४० अंशांच्या आसपास पिठातली प्रथिने आणि शर्करा यांच्यात भराभर प्रक्रिया होऊन तांबूस रंग आणि खमंग वास निर्माण होतो. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामीय मायार याने १९१२ मध्ये तिचे वर्णन केले, म्हणून ती मायार प्रक्रिया. उकडलेल्या मोदकाला हा रंग कधीच येत नाही आणि तळलेल्या मोदकाला येतो, याचे कारण हेच.

कृतीकडे वळू. दीडशे ग्रॅम मैद्यात दीड चहाचा चमचा बेकिंग पावडर, दोन मोठे चमचे पिठीसाखर, चिमूटभर मीठ आणि थोडी जायफळपूड मिसळा. त्यात दीडशे ग्रॅम चक्का घालून हलक्या हाताने गोळा करा. कोरडे वाटले तर दोन-तीन चमचे दूध. फार मळू नका, नाहीतर ग्लुटेनचे जाळे घट्ट होऊन गोळे चिवट होतात. लिंबाएवढे चौदा गोळे वळा. यंत्र १७५ ते १८० अंशांवर तीन-चार मिनिटे आधी तापवून घ्या. टोपलीला तेलाचा हात लावा, गोळ्यांना वितळलेले लोणी पुसटसे लावा आणि ते एकमेकांना न चिकटतील असे ठेवा. पाच मिनिटांनी उलटा. एकंदर आठ ते दहा मिनिटांत काम होते. गरम असतानाच उरलेले लोणी लावून (सगळे मिळून पंचवीस ग्रॅम पुरे) दालचिनी घातलेल्या साखरेत घोळवा. यंत्र हाताळताना घरातले मोठे माणूस जवळ असावे, आणि टोपलीत सुटा कागद कधीही ठेवू नये. वारा तो उडवून वेटोळ्यावर नेतो.

गोळे फुगतात ते कार्बन डाय-ऑक्साइडमुळे. बेकिंग पावडरीत खायचा सोडा आणि एखादा कोरडा आम्लधर्मी क्षार असतो. ८४ ग्रॅम सोड्यापासून ४४ ग्रॅम वायू मिळतो, म्हणजे एक ग्रॅम सोडा नेहमीच्या तापमानाला जवळजवळ ३०० घनसेंटिमीटर वायू देतो. चक्क्यातले लॅक्टिक आम्लही हातभार लावते, म्हणून पीठ भिजवून तासभर ठेवू नये. वायू निघून जातो.

वारा अंतरांतून वाहतो, हे ज्याला कळले त्याला टोपली का भरू नये हे सांगावे लागत नाही. गोळे खेटून बसवले की मधल्या फटींत हवा कोंडते, वाफ साचते आणि कडा पांढऱ्या राहतात. तसेच, भज्यांचे पातळ पीठ या यंत्रात का चालत नाही तेही उघड आहे. तेलात पडताच भज्याचे बाहेरचे आवरण क्षणात घट्ट होते. वाऱ्याच्या १५ वॉटला तेवढी घाई जमत नाही. तोवर पीठ जाळीतून गळून जाते. पावसाळ्यात भजी हवी असतील तर कढईच हवी!

खरे म्हणजे ही एक छोटी, जोराच्या वाऱ्याची भट्टी आहे. पंख्याची भट्टी नवीनही नाही. विल्यम मॅक्सन या अमेरिकन संशोधकाने १९४० च्या दशकात विमानात जेवण गरम करण्यासाठी तशी भट्टी बनवली होती. आजच्या घरगुती रूपामागे फ्रेड व्हॅन डर वेय या डच संशोधकाचे काम आहे, आणि फिलिप्स कंपनीने ते २०१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात मांडले. तेव्हा ‘तळण’ हा शब्द विक्रेत्याचा, भौतिकशास्त्राचा नव्हे.

लोण्याचा हात मात्र टाळू नये. ते पातळ पटल कोरडे पीठ पांढरे राहू देत नाही आणि रंग सारखा आणते. तरीही कढईतल्या डोनटची चव पूर्ण येत नाही, कारण त्या वासाचा मोठा भाग तापलेल्या तेलाच्याच विघटनातून येतो. तळलेल्या डोनटात वजनाच्या सुमारे पाचवा ते चौथा हिस्सा स्निग्धांश असतो. आपल्या गोळ्यांत तो सात-आठ टक्क्यांच्या घरात राहतो. हा फायदा खरा आहे. साखर मात्र तेवढीच आहे, आणि कोणताही पंखा ती कमी करीत नाही. ‘आरोग्यदायी’ म्हणून दोन ऐवजी आठ गोळे खाणाऱ्याने हिशेब स्वतःच करावा.

शाळेतल्या तराजूवर एक प्रयोग सहज होईल. चौदा गोळ्यांचे वजन भाजण्यापूर्वी आणि साखरेत घोळवण्यापूर्वी करा. घट जवळजवळ सगळी पाण्याची. तिला २२६० ने गुणा, गोळे तापवायला लागलेली उष्णता मिळवा. चौदा गोळ्यांना मिळून ती १,४०,००० ज्यूलच्या जवळपास येईल. यंत्र १४०० वॉटचे असेल आणि दहा मिनिटे अखंड चालले तर त्याने ८,४०,००० ज्यूल वीज घेतली, म्हणजे गोळ्यांना मिळाला सहावा हिस्सा. प्रत्यक्षात तापमान-नियंत्रक वेटोळे मधूनमधून बंद करतो. घरातल्या वीजमापकाचे आकडे आधी व नंतर टिपले तर खरा आकडा कळेल. मग दुसरा घाणा मुद्दाम दाटीने भरा, वेळ तीच ठेवा, आणि दर गोळ्यामागे वजनात किती घट झाली ते पहिल्याशी ताडून पाहा.