जळणाऱ्या तारा आणि नगरपालिकेचे कर्तव्य

निकामी झालेली विजेची तार जाळली की आतले तांबे मोकळे होते, आणि मोकळ्या तांब्याला भंगाराच्या बाजारात अधिक भाव मिळतो. ई-कचरा बेकायदा जाळण्याचे मूळ या साध्या व्यवहारात आहे. जाळणारा मनुष्य दुष्ट असतो असे नव्हे. तार सोलावयास दिवस मोडतो, जाळावयास एक काडी पुरते, इतकेच तो जाणतो.

परंतु या स्वस्ताईची किंमत दुसऱ्यासच द्यावी लागते. तारेचे आवरण बहुधा पीव्हीसीचे असते. त्यातील क्लोरीनमुळे जळताना डायॉक्सिने उत्पन्न होतात आणि तांबे त्या क्रियेस चालनाच देते. ही विषे धुराबरोबर नाहीशी होत नाहीत. ती राखेतून मातीत, चाऱ्यातून गुरांत आणि दुधातून मुलांच्या पोटात जातात. ज्या नंदुरबारात मिरची उघड्या पथारींवर वाळते, तेथे तर उघड्यावर काय जळते याची चिंता अधिकच वाहिली पाहिजे.

कायद्याने हे काम कोणावर सोपविले आहे? १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे, शहराच्या कचऱ्यात मिसळलेला ई-कचरा वेगळा काढून नोंदणीकृत कारखान्याकडे पोचविणे हे नागरी संस्थेचे कर्तव्य होय. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास ५,००० रुपये, व मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरविली. तथापि केवळ दंडाने जाळणे थांबत नाही. भर वस्तीतला धूर रात्री नाल्याकाठी जातो, एवढेच.

म्हणून खरा उपाय भंगाराच्या काट्यापाशी करावयास हवा. न जळलेल्या तारेला रोख भाव मिळू लागला, तर काडी ओढण्याचे कारणच उरत नाही. नंदुरबार, शहादा, तळोदा व नवापूर येथील पालिकांनी भंगारवाल्यांची नोंद करावी, ठरावीक दिवशी तारा व जुनी यंत्रे विकत घ्यावी, आणि चौघींनी मिळून एक गाडी भरून नोंदणीकृत कारखान्याकडे धाडावी. एकट्या पालिकेस न परवडणारा खर्च चौघींत वाटला जाईल. काळवंडलेले तांबे घेणाऱ्यावर मात्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या साहाय्याने कारवाई व्हावी.

पुण्यात २००८ पासून कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महापालिकेबरोबर काम करीत आहे. कचऱ्यावर पोट भरणाऱ्यास हाकलून न देता कामात सामावून घेता येते, हे त्यावरून दिसते. आपल्या पालिकांनीही प्रथम त्या माणसाशी बोलावे; दंडाची पावती त्यानंतर फाडावी.