द्रायूंच्या श्यानतेवर परिणाम करणारे घटक : जालना जिल्ह्यातील उदाहरणांसह विवेचन

प्रस्तावना :
जालना शहर लोखंडी सळया व बियाणे या उद्योगांसाठी ओळखले जाते. जिल्ह्याच्या दक्षिणेस अंबड व घनसावंगी तालुक्यांत ऊस आणि साखर कारखाने आहेत. भट्टीतून ओतला जाणारा लोखंडाचा रस, कारखान्यातील साखरेचा पाक आणि महाविद्यालयीन प्रयोगशाळेतील एरंडेल तेल यांचे वाहणे ज्या एका गुणधर्मावर अवलंबून असते, तो म्हणजे श्यानता किंवा विष्यंदिता. प्रस्तुत लेखात या गुणधर्मावर परिणाम करणाऱ्या घटकांचे विवेचन केले असून, परिस्थितीच्या नोंदीवाचून श्यानतेचे मूल्य अपुरे ठरते, हे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

संकल्पना :
द्रव व वायू यांना एकत्रितपणे द्रायू म्हणतात. वाहत्या द्रायूचे लगतचे थर वेगवेगळ्या वेगाने सरकत असता त्यांच्या सापेक्ष गतीस जो अंतर्गत विरोध होतो, त्याचे माप म्हणजे श्यानता. या विरोधाचा विचार न्यूटनने १६८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'प्रिन्सिपिया' या ग्रंथात केला. २० अंश सेल्सिअसला पाण्याची श्यानता सुमारे १ मिलिपास्कल-सेकंद असते.

घनता आणि श्यानता यांची गल्लत विद्यार्थी अनेकदा करतात. एरंडेल तेल पाण्यावर तरंगते, तरी त्याची श्यानता त्याच तापमानाच्या पाण्याच्या जवळजवळ हजारपट असते. याउलट वितळलेले लोखंड पाण्याच्या सुमारे सातपट घन असूनही त्याची श्यानता १६०० अंशांच्या आसपास केवळ ५ ते ६ मिलिपास्कल-सेकंद असते. म्हणूनच ते साच्यात सहज पसरते.

१) तापमान :
द्रवातील श्यानता मुख्यतः रेणूंमधील आकर्षणामुळे निर्माण होते. तापमान वाढले की रेणूंना हे बंधन ओलांडणे सोपे जाते आणि श्यानता घटते. २० अंशांवरून ४० अंशांवर जाताना पाण्याची श्यानता १.०० वरून ०.६५ मिलिपास्कल-सेकंदापर्यंत उतरते. एरंडेल तेलाची सुमारे ९८६ वरून २३१ पर्यंत, म्हणजे चौथ्या हिश्श्याहूनही खाली येते. वायूंत याच्या उलट घडते. तेथे एका थरातील रेणू दुसऱ्या थरात जाऊन संवेगाची देवघेव करतात. तापमानाबरोबर ही देवघेव वाढत असल्याने श्यानताही वाढते.

२) संहती व अशुद्धी :
२० अंशांना साखरेच्या २० टक्के द्रावणाची श्यानता सुमारे २, ४० टक्क्यांची ६, तर ६० टक्क्यांची ५८ मिलिपास्कल-सेकंद असते. वाढ सरळ प्रमाणात नाही, हे येथे स्पष्ट दिसते. साखर कारखान्यात अखेरच्या टप्प्यावर अधिक स्फटिक मिळावेत म्हणून स्फटिकमिश्रित पाक थंड करतात. परंतु त्यामुळे मळी इतकी घट्ट होते की यंत्रात ती स्फटिकांपासून वेगळी होईना, म्हणून मिश्रण पुन्हा थोडे गरम करावे लागते. ग्लिसरीनबाबत उलट अनुभव येतो. ते हवेतील बाष्प शोषते, आणि केवळ ५ टक्के पाणी मिसळले तरी २० अंशांना त्याची श्यानता सुमारे एकतृतीयांशावर येते.

३) दाब :
नेहमीच्या दाबातील चढउतारांचा द्रवांच्या श्यानतेवर नगण्य परिणाम होतो. मात्र दंतचक्रांच्या दातांमध्ये सापडलेले वंगण प्रचंड दाबाखाली अनेक पटींनी घट्ट होते. साधारण दाबांच्या मर्यादेत वायूची श्यानता दाबावर अवलंबून नसते, हा निष्कर्ष मॅक्सवेलने १८६० मध्ये सिद्धान्ताने काढला आणि पुढे स्वतःच्या प्रयोगांनी पडताळला.

४) थर सरकण्याचा दर :
पाणी, ग्लिसरीन यांची श्यानता ढवळण्याच्या वेगाने बदलत नाही. त्यांना न्यूटनीय द्रायू म्हणतात. भिंतीचा रंग किंवा टोमॅटो सॉस ढवळताच पातळ होतो, तर मक्याच्या स्टार्चचे पाण्यातील दाट, न शिजवलेले मिश्रण जोराने ढवळल्यास घट्ट होते. अशा अन्यूटनीय पदार्थांना श्यानतेचे एकच मूल्य देता येत नाही.

अध्यापनातील महत्त्व :
स्टोक्सच्या नियमावर आधारित प्रयोगात विद्यार्थी एरंडेल तेलात पोलादी गोळी सोडून तिचा अंतिम वेग मोजतात. ३० अंशांच्या आसपास या तेलाची श्यानता दर अंशाला सुमारे ७ टक्क्यांनी बदलते. जालन्यात हिवाळ्यातील सकाळ आणि ४० अंश ओलांडणारी उन्हाळी दुपार यांत घेतलेली निरीक्षणे एकसारखी येणे शक्यच नाही. तरीही पुस्तकातील एकाच मूल्याशी उत्तर जुळले नाही म्हणून प्रामाणिक निरीक्षण चूक ठरविले गेले, तर विद्यार्थी मोजण्याऐवजी आकडे जुळविण्यास शिकतो.

निष्कर्ष :
श्यानता हा पदार्थाचा गुणधर्म असला तरी त्याचे मूल्य तापमान, संहती, दाब आणि थर सरकण्याचा दर यांवर ठरते. म्हणून प्रयोगवहीत द्रवाचे तापमान सुरुवातीस व शेवटी नोंदवावे, द्रवाची शुद्धता लिहावी आणि त्याच तापमानाच्या प्रमाणित मूल्याशीच तुलना करावी. एक तापमापी आणि वहीतील दोन अधिक रकाने एवढ्यावर हे साधण्याजोगे आहे.