डबा उलटा करून वाचा

आमच्या मेडिकलच्या वर जिम आहे आणि मागच्या गल्लीत तालीम. कोल्हापुरात यात नवल नाही. तालमीतली पोरं येतात ती क्रेप बँडेज नाहीतर मुक्या मारावरचं मलम घ्यायला. खुराकाचं त्यांचं घरीच भागतं. दूध, तूप, बदामाची थंडाई. जिमवाले मात्र घाम पुसत थेट काउंटरला: "काकी, फॅट बर्नर हाय काय? चांगल्यातला दावा." घरात लग्न निघालं की त्यांच्या आयाही येतात, जरा दबक्या आवाजात.

विकणं हा माझा धंदा आहे, तरी सांगते. चरबी जाळते म्हणून खात्रीनं हातात ठेवावी अशी एकही सप्लिमेंट माझ्या कपाटात नाही. अंगावरच्या किलोभर चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. फॅट बर्नरमध्ये कामाचा ऐवज बहुतेकदा एकच, कॅफिन, आणि त्यानं कॅलरींच्या खर्चात पडणारी भर अगदी जुजबी. डबा उलटा केलात तर कॅफिन, ग्वाराना, ग्रीन कॉफी अशी तीन वेगळी नावं दिसतील. तिन्हींतून पोटात जातं ते कॅफिनच. धडधाकट माणसानं दिवसाला ४०० मिलिग्रॅमच्या आत राहावं, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं म्हटलंय. त्यात प्री-वर्कआउट, त्यात दिवसभराचे चहा. मग रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, आणि झोप मोडली की भूक वाढते, हा वरचा भुर्दंड.

‘गार्सिनिया’ हे नाव वाचून कुणाला वाटतं काहीतरी परदेशी आहे. ती केरळातली कुडमपुळी, माशाच्या कालवणात घालतात ती. आपल्या कोकमाच्या कुळातलीच. न्यूयॉर्कच्या संशोधकांनी १३५ जाड माणसांवर १२ आठवडे ती तपासली आणि १९९८ साली निकाल छापला. काहींना गार्सिनिया, काहींना तशीच दिसणारी खोटी गोळी, कमी कॅलरीचा आहार मात्र सगळ्यांना. वजन दोन्हीकडे उतरलं, खोट्या गोळीवाल्यांचं तर किंचित जास्तच. हे ऐकवल्यावर एक बाई म्हणाल्या, "मग ती खोटी गोळीच द्या की!" आमसुलाचं सार प्या म्हटलं, स्वस्त पडेल.

औषध १९४० च्या औषध कायद्याखाली येतं, सप्लिमेंट २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली. म्हणजे कायद्याच्या लेखी तो डबा खाद्यपदार्थच. नव्या औषधाला लागते तशी रुग्णांवरची चाचणी त्याला सहसा लागत नाही. डब्यावर एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक हवा, आणि हे औषध म्हणून वापरायचं नाही अशी ओळही. ती ओळ इतकी बारीक छापतात की मी स्वतः चष्मा लावून गिऱ्हाइकाला वाचून दाखवते. आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या १९५४ च्या कायद्यात तर रोगांची यादीच दिलीय, आणि अमुक औषधानं लठ्ठपणा बरा होतो अशी जाहिरात त्यानुसार करता येत नाही. मग ‘इंच लॉस’, ‘मेटाबॉलिझमला चालना’ असे निसटते शब्द छापले जातात.

ज्या निनावी पुडीनं पंधरा दिवसांत गुण येतो, तिची मला जास्त धास्ती वाटते. सिब्युट्रामिन नावाची भूक मारणारी गोळी हृदयाला धोका आहे म्हणून २०१० मध्ये युरोप-अमेरिकेतून गेली, २०११ मध्ये आपल्याकडेही बंद झाली. पण ‘शंभर टक्के हर्बल’ म्हणून खपणाऱ्या मालात ती लपवलेली नंतरही सापडत राहिली. त्याआधीची गोष्ट डायनायट्रोफेनॉलची. १९३३ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी त्यानं वजन उतरतं असं छापलं. उतरायचंही, कारण शरीर आतून तापायचं. लोकांना मोतीबिंदू झाले, काही दगावले, आणि १९३८ मध्ये अमेरिकेनं ते बंद केलं.

आता प्रोटीन पावडर. इथं मी सरसकट नाही म्हणत नाही. जेवण कमी केलं की चरबीबरोबर स्नायूही झिजतात; पुरेसं प्रोटीन आणि वजनं उचलण्याचा व्यायाम यांनी ती झीज कमी होते, शिवाय पोट भरल्यासारखं राहतं. भारतीय शिफारस आहे किलोमागे ०.८३ ग्रॅम. म्हणजे ७० किलोच्या बाईला ५८ ग्रॅम. वजन उतरवताना आणि व्यायाम करताना याहून थोडं जास्त घ्यायला सांगतात. सकाळी पोहे, दुपारी चपाती-भाजी, चारला चिवडा आणि रात्री आमटी-भात, यात तेवढं भरत नाही. म्हणून मी आधी डबा काढत नाही, काय जेवता ते विचारते. एका अंड्यात ६ ग्रॅम, मूठभर नव्हे तर ५० ग्रॅम फुटाण्यांत १० ग्रॅमच्या आसपास, तेवढ्याच कोरड्या सोया चंक्समध्ये २६. मटकीची उसळ, दही, मासे हे झालंच. इतकं करून तूट राहिली, किंवा सकाळी सहाला घर सोडायचं असलं, तर एक स्कूप घ्या.

तो घेताना डब्याची किंमत बघू नका. एका स्कूपचं वजन किती आणि त्यात प्रोटीन किती, ते बघा. ३०-३३ ग्रॅमच्या स्कूपमध्ये २४ ग्रॅम असेल तर ठीक. मग प्रोटीनच्या ग्रॅममागे किती रुपये पडतात ते काढा. घटकांत ग्लायसिन, टॉरिन वेगळे घातलेले दिसले तर डबा परत ठेवा. प्रोटीन मोजतात ते नायट्रोजनवरून, आणि ही स्वस्त भर घालून आकडा फुगवता येतो. २०२४ मध्ये केरळच्या डॉक्टरांनी भारतात मिळणाऱ्या ३६ पावडरी तपासल्या, तर २५ डब्यांवरचा प्रोटीनचा आकडा खरा निघाला नाही. त्याच वर्षी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं शरीर कमावण्यासाठी या पावडरी टाळाच असं सांगितलं. मी तितकी कडक नाही, पण मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्याला डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देत नाही. आणि वजन उतरवायला निघालेला पोरगा ‘मास गेनर’ मागतो तेव्हा कपाळाला हात लावायची पाळी येते. त्यात बहुतेक पिठूळ साखरच, माल्टोडेक्स्ट्रिन.

ड जीवनसत्त्व आणि बी-१२ यांची कमतरता आपल्याकडे भरपूर, तेव्हा रक्त तपासून घ्या. पण त्यांनी पोट उतरत नाही. ड च्या ६०,००० युनिटच्या पुड्या मनानं महिनोन्महिने खाल्ल्या तर रक्तातलं कॅल्शियम चढतं. इसबगोल बरा, पोट भरल्यासारखं ठेवतो. पेलाभर पाण्यासोबत घ्यायचा आणि बाकीच्या गोळ्यांपासून दोन तास लांब. थायरॉइडची गोळी चालू असेल तर कॅल्शियम आणि लोह चार तासांनी. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर थायरॉइडच्या तपासणीआधी लॅबला सांगा, आकडे चुकतात.

ग्रीन टी प्यायला कुणाची ना नाही. कॅप्सुलमधल्या अर्काचं वेगळं: त्यातलं ईजीसीजी दिवसाला ८०० मिलिग्रॅमवर गेलं की काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या खुणा रक्तात दिसतात. काहीही घेताना लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, अन्नावरची वासना उडाली तर त्याच दिवशी बंद करा आणि डॉक्टरकडे जा. जाताना डबा सोबत न्या, रिकामा असला तरी. नुसत्या नावावरून त्यांना काही कळत नाही, मागची यादी लागते.