अल्पकालीन तीव्र व्यायाम आणि स्नायुवृद्धी : धानोरा तालुक्याच्या संदर्भात

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात तरुणांना शारीरिक श्रमांची वाण नाही. धानाची रोवणी, बांबूची तोड, तेंदूपानांचे संकलन ही सर्व कामे दिवसच्या दिवस चालतात. परंतु पोलीस भरतीच्या मैदानात पुरुष उमेदवारास धावण्याबरोबरच 7.26 किलोग्रॅमचा गोळाही फेकावा लागतो. तेथे चिवटपणा पुरत नाही, बळ लागते. दिवसभराच्या श्रमांनी हे बळ त्याच प्रमाणात का वाढत नाही, आणि थोड्या वेळाच्या तीव्र व्यायामाने ते कसे वाढू शकते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

स्नायू हा असंख्य तंतूंचा जुडगा असून मेंदू ते सर्व एकाच वेळी कामास लावीत नाही. एलवुड हेनेमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1965 साली मांडलेल्या तत्त्वानुसार, प्रथम लहान गट जागे होतात. भार मोठा असेल किंवा थकवा पराकोटीस पोहोचला, तरच मोठ्या गटांना पाचारण होते. या मोठ्या गटांतील तंतूंतच वाढीची क्षमता अधिक असते. हलकी मोळी घेऊन कोसभर चालणारा मनुष्य दमतो खरा. पण त्याच्या स्नायूंतील हे तंतू बहुतांशी स्वस्थच राहतात.

म्हणजे वाढीचे मर्म श्रमांच्या लांबीपेक्षा त्यांच्या तीव्रतेत अधिक आहे. अमेरिकन सैन्यातील वैद्य थॉमस डीलॉर्म यांनी जखमी सैनिकांसाठी 1945 साली क्रमशः वाढत्या वजनाची पद्धती प्रसिद्ध केली. आरंभी ते सत्तर ते शंभर आवर्तने करवीत. 1948 साली त्यांनीच ती वीस ते तीसवर आणली. पुढे 1970 नंतर आर्थर जोन्स यांनी एकाच, पण शक्तीच्या सीमेपर्यंत नेलेल्या फेरीचा पुरस्कार केला. नंतरच्या संशोधनावरून अधिक फेऱ्यांनी वाढ काहीशी अधिक होते असे दिसते. तथापि लाभाचा मोठा भाग पहिल्या एकदोन फेऱ्यांतच पदरी पडतो. आपल्या तालमींतील जड नाल उचलण्याचा प्रकार या तत्त्वाच्या जवळचा आहे. शेकडो बैठका मुख्यतः दम वाढवितात.

साधनांसाठी अडून राहण्याचे कारण नाही. एक लिटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम असल्याने पाण्याचा डबा हे मोजता येणारे वजनच होय. बैठक, उचलणे, ओढणे, ढकलणे व डोक्यावर नेणे असे पाच प्रकार घ्यावेत. प्रत्येकाच्या आठ ते बारा आवर्तनांच्या एकदोन फेऱ्या, पुढील आवर्तन योग्य रीतीने होणे अशक्य वाटेपर्यंत कराव्यात. बारा आवर्तने साधली की एक लिटर पाणी वाढवावे. आठवड्यातून दोन दिवस, पंचवीस मिनिटे पुरेत.

व्यायाम ही केवळ सूचना होय. प्रत्यक्ष वाढ विश्रांतीत व अन्नातून होते. म्हणून दोन व्यायामांत किमान दोन दिवसांचे अंतर असावे, आणि तेंदूच्या हंगामात तो कमी करावा किंवा थांबवावा. पूर्ण लाभासाठी शरीराच्या प्रत्येक किलोग्रॅममागे रोज सुमारे 1.6 ग्रॅम प्रथिन लागते. म्हणजे पन्नास किलोग्रॅमच्या तरुणास 80 ग्रॅम. शंभर ग्रॅम तांदळात ते सुमारे सात ग्रॅम, तर तितक्याच तुरीच्या डाळीत सुमारे बावीस ग्रॅम असते. केवळ भातावर ही गरज भागत नाही. डाळ, अंडी व मासळी यांची जोड हवी.

शेवटची बाब सर्वांत महत्त्वाची. या जिल्ह्यात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. हा आजार असलेल्याने वैद्यांच्या सल्ल्यावाचून तीव्र व्यायाम करू नये. केवळ वाहक असलेला मनुष्य निरोगी दिसतो व बहुधा व्यायामही करू शकतो. परंतु उन्हात, पाण्यावाचून, एकाएकी केलेल्या अतिश्रमाने त्याचे स्नायू विघटित होऊन मूत्रपिंडे निकामी होण्याचा, क्वचित प्राण जाण्याचाही धोका असतो. यास्तव आधी रक्ततपासणी करावी, आरंभीचे काही आठवडे शक्तीच्या सीमेच्या बरेच अलीकडे थांबावे, आणि अंगात अचानक अशक्तपणा, वेदना वा धाप जाणवताच व्यायाम सोडून तत्काळ उपचार घ्यावेत. बळ मिळविण्याची घाई जिवावर बेतू नये.