बाहेर फिरवून आणलं तरी कुत्रं घरातच शू का करतं?

हिंगोली असो की वसमत, घरात पांढरं पॉमेरियन आलं (आपल्याकडे बरेचदा ते खरं तर इंडियन स्पिट्झ असतं) की तक्रार ठरलेली, ‘फिरवून आणलं, तरी आत येऊन गादीवरच शू!’ मग चापट मारणं, शूमध्ये नाक घासणं सुरू.

गडबड इथेच होते. मार खाऊन पिल्लू ‘घरात करू नये’ हे शिकत नाही, ‘माणसासमोर करू नये’ एवढंच शिकतं. मग ते बाहेर तुमच्यासमोर दाबून धरतं आणि आत येऊन पलंगाखाली मोकळं होतं. आपण त्याला हट्टी म्हणतो.

त्यात या जातींचं मूत्राशय लहान. झोपेतून उठल्यावर, जेवल्यावर, खेळल्यावर लगेच ठरलेल्या जागी न्या. शू झाल्या झाल्या तिथेच खाऊ द्या, घरी आल्यावर नको. लसी पूर्ण नसतील तर रस्त्यावर पार्वोचा धोका असतो, तोवर अंगण किंवा गच्चीचा कोपरा बरा.

फिनाईलने पुसलं की वास आपल्यापुरता जातो, त्याला येतोच. एन्झाइमवालं क्लीनर वापरा.

शिकलेलं कुत्रं अचानक घरात शू करायला लागलं, तर मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो. आधी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. गावात सोय नसेल तर परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.