सोनपापडीला यंदा सुट्टी!

दिवाळी जवळ आली की ऑफिसात एक चक्र सुरू होतं. अकाउंट्सवाल्यांनी दिलेला सोनपापडीचा डबा ॲडमिनकडे जातो, ॲडमिनचा तुमच्याकडे, आणि तुम्ही तो (रॅपिंग न फोडता, अर्थातच!) आत्याच्या घरी पोचवता. डबा फिरून फिरून दमतो, उघडत मात्र कुणीच नाही. यंदा स्वतःच्या हातचं काही द्यायचा विचार असेल तर एक हटके आयडिया पनवेलमध्येच आहे.

जुन्या पनवेलमध्ये १८४९ साली बांधलेलं बेथ एल सिनेगॉग आहे. हार्बर लाइनच्या शेवटच्या स्टेशनवर रोज उतरणाऱ्या कितीतरी जणांना त्याचा पत्ताच नसतो. हे प्रार्थनास्थळ बेने इस्रायलींचं, म्हणजे शेकडो वर्षं कोकणात राहिलेल्या, घरात मराठी बोलणाऱ्या ज्यू मंडळींचं. घाण्यावर तेल काढायचं आणि शनिवारी काम बंद ठेवायचं, म्हणून गावाने त्यांना नाव दिलं ‘शनिवार तेली’. आडनावंही अगदी आपली: पेणकर, रोहेकर, नवगावकर. त्यांचं नवं वर्ष, रोश हशाना, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास येतं. २०२५ मध्ये तर ज्या सकाळी आपल्याकडे घट बसले, त्याच दिवशी, २२ सप्टेंबरला सूर्यास्तानंतर ते सुरू झालं! या सणाचा खरा हीरो म्हणजे चिकाचा हलवा.

चीक म्हटलं की आपल्याला कुरडया आठवतात. इथेही तोच. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून फडक्यातून गाळायचे आणि खाली बसलेला पांढराशुभ्र चीक घ्यायचा. त्यात साखर आणि नारळाचं दूध. नारळाचंच का? ज्यू धर्मनियमांत मांसाहार आणि दूधदुभतं एकत्र चालत नाही. नारळाच्या दुधाला ती आडकाठी नाही, त्यामुळे मटणाच्या जेवणानंतरही हा हलवा बिनधास्त खाता येतो. कोकणात नारळाला काय तोटा!

पण खरी गंमत (आणि खरी मेहनत) ढवळण्यात. मिश्रण कडा सोडेपर्यंत हात थांबवायचा नाही, आणि त्याला तासन् तास लागतात. एकट्याचं हे कामच नव्हे. एकाचा हात दुखला की दुसऱ्याने उलथणं घ्यायचं, मग वड्या पाडून नातेवाइकांत आणि शेजारीपाजारी वाटायच्या. १९४८ मध्ये इस्रायल देश झाला आणि त्यानंतरच्या काही दशकांत कोकणातली बहुतेक बेने इस्रायली कुटुंबं तिकडे गेली. दिमोना, लोद, अश्दोद अशा गावांत ती वसली. इथे उरलेल्या घरांत उलथणं धरणारे हात कमी झाले, आणि बशी ज्यांच्याकडे जायची ते शेजारीही बदलले. माझ्या मते तरी या हलव्यापुढचा मोठा प्रश्न रेसिपीचा नाही, माणसांचा आहे.

तरीही हलवा टिकला. अनेक घरांनी चिकाच्या जागी कॉर्नफ्लोअर आणि चायना ग्रास घेतलं. म्हणजे हा शॉर्टकट कुणा टीव्ही शेफचा नाही, घरचाच आहे. नऊ ते सातची नोकरी करणाऱ्यांनी तो बिनदिक्कत वापरावा.

दहा ग्रॅम चायना ग्रास कात्रीने बारीक कापून दीड कप पाण्यात अर्धा तास भिजवा, मग त्याच पाण्यात मंद आचेवर पूर्ण विरघळवा. इथे घाई केलीत तर हलव्यात दोरे लागतील! दुसऱ्या पातेल्यात नारळाच्या दुधाचे २०० मिलीचे दोन पॅक, तीन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर आणि एक कप साखर गार असतानाच एकजीव करा. मंद गॅसवर ढवळत राहा. जोरात उकळलंत तर नारळाचं दूध फुटतं. दाटसर झालं की चायना ग्रासचं पाणी गाळून घाला, पाचेक मिनिटं शिजवा. वेलची, जायफळ, हवा तर गुलाबी रंगाचा एक थेंब. तूप लावलेल्या थाळीत ओतून वर बदाम-पिस्त्याचे काप पेरा. तासा-दोन तासांत पंचवीसेक वड्या तयार! (हलवा मांसाहारी जेवणानंतर द्यायचा असेल तर थाळीला तुपाऐवजी खोबरेल लावा.)

चायना ग्रास समुद्री शेवाळापासून बनतं, त्यामुळे शुद्ध शाकाहारी. शिवाय एकदा सेट झालं की जिलेटिनसारखं उन्हाने वितळत नाही. पनवेल ते सीएसएमटी सव्वा तासाहून जास्त प्रवास, तोही गर्दीत, तरी वडी जागेवर राहते. पण नारळाचं दूध लवकर आंबतं. रात्री करून फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी पोचल्या पोचल्या वाटा. उरलेला परत फ्रिजमध्ये, आणि तीन दिवसांत संपवा. फॅन्सी बॉक्स नकोच, साधा स्टीलचा डबा द्या. रिकामा परत करायच्या निमित्ताने समोरच्या फ्लॅटवाल्यांशी पहिल्यांदा बोलणं तरी होईल.

गॅससुद्धा पेटवायचा नसेल तर बेने इस्रायली घरांतला मलिदा आहे. नवस फेडताना, शुभकार्यात एलियाहू हन्नाबी, म्हणजे संदेष्टा एलिया, याच्या नावाने तो करतात. भिजवून निथळलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा, सोबत फळं. दिवाळीच्या पहाटे कोकणात गोडाचे पोहे होतात, त्यांचा हा सख्खा भाऊच. फक्त तो डब्यात भरून ऑफिसला नेऊ नका. मित्रमंडळींना घरी बोलवा आणि केळी अगदी आयत्या वेळी कापा, काळी पडतात.